पातेल्याखालचा कॅमेरा

कुठल्याही कामाचा अहवाल लिहायला बसलं की लक्षात येतं, अहवालात घालण्यासारखं चार पानं जमलंय आणि अहवालात घालता येणार नाही असं चाळीस पानं. आमचंही तेच झालं. आम्ही आकाशातल्या लाटा बघायला निघालो होतो. पहिल्या हिवाळ्यात लाटा किती सापडल्या ते शेवटी सांगतो, पण किस्से मात्र पोत्याने जमले. आता स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "सावंत, तो बोंबलांचा सांग." मी सांगतो. माझी पोळी गार होते, पण सांगतो.

आधी मंडळी कोण ते सांगतो, चारच आहेत. मी सावंत, भाईंदरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहाय्यक. परळ सोडून मीरा रोडच्या हाटकेशला राहायला आलो त्याला आता वीस वर्षं होतील. दुसऱ्या आमच्या कांबळे मॅडम, फिजिक्स शिकवतात. मूळच्या लातूरकडच्या, वडिलांच्या बदलीमुळे इकडे आल्या. बोलायला मऊ, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडत नाहीत. तिसऱ्या भाईंदरजवळच्याच मोरवा गावच्या जनामावशी, ज्यांच्या गच्चीवर हे सगळं घडलं. आणि चौथे एका मोठ्या संशोधन संस्थेतले मोठे सर. त्यांचं नाव सांगत नाही, कारण अजून त्यांच्याशी काम पडतं.

आणि काम काय, तेही सांगून टाकतो. चंद्र नसला, दिवे नसले तरी रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतं. वर साधारण पंचाऐंशी-नव्वद किलोमीटरवर हवेचा एक थर स्वतःच मंद उजळत असतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, खास फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्याला कळतं. खाली कुठे वादळ झालं, वारा डोंगराला धडकला, की हवेत लाट उठते. ती वर वर चढत जाते आणि त्या उजेडातून जाताना त्यात पट्टे पाडते. ते पट्टे मोजले की तिथली हवा कशी हलते ते समजतं. एवढंच आमचं शास्त्र, बाकी सगळं पातेलं आहे.

*

सुरुवात मोठ्या सरांच्या केबिनमध्ये झाली. मॅडमनी पीएच.डी. केली तीही दुसऱ्यांच्या फोटोंवर. संस्थेचं घाटावर एक स्टेशन आहे, तिथले फोटो मागायचे आणि मिळतील तेवढ्यावर काम करायचं. दर वेळी सरांचं एकच वाक्य, "रीतसर अर्ज पाठवा, बघू." दहा वर्षं मॅडमनी अर्ज पाठवले. कधी फोटो मिळाले, कधी नुसतंच बघू. शेवटी त्यांनी ठरवलं की आता आपण आपलंच आकाश बघायचं, भाईंदरचं.

मी फाईल धरून सोबत गेलो होतो. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. मीरा-भाईंदरमधून तुम्हाला फक्त होर्डिंगं दिसतील, म्हणाले.

मॅडमनी शांतपणे समजावलं. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते, ते आपल्या कॅमेऱ्याच्या उजेडात ढवळाढवळ करायचे. आता सगळीकडे पांढरे एलईडी आले. आपला कॅमेरा लालच्याही पलीकडचा उजेड बघतो, आणि पांढरा एलईडी तिथे जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे आपल्याला वाटतं शहर उजळलं, पण या कॅमेऱ्यासाठी ते अंधारलंय.

सरांनी चष्मा परत लावला. म्हणाले, "रीतसर अर्ज पाठवा, बघू."

या वेळी अर्ज चार पाठवावे लागले, पण कॅमेरा मिळाला. जुना, स्टोअरमध्ये पडलेला. अट अशी की मार्चअखेरपर्यंत वापरा. तेवढ्यात एक तरी रात्र अशी दाखवा की तिच्यातल्या लाटेवर कोणाला बोट ठेवता येणार नाही. नाहीतर कॅमेरा परत, आणि या विषयावर पुन्हा अर्ज नको. कॅमेऱ्याचा फोम लावलेला खोका मात्र सरांनी ठेवून घेतला. कॅमेरा परत नेताना लागेल, म्हणाले. ते मॅडमच्या मनाला लागलं. भाईंदर येईपर्यंत त्यांनी कॅमेरा मांडीवर धरून आणला.

*

कॅमेरा आला, पण ठेवायचा कुठे? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ठेवू, सेक्रेटरी माझा शब्द टाळायचे नाहीत.

सोसायटीची मीटिंग लागली. अजेंड्यावर पाण्याची टाकी, लिफ्ट, आणि तिसरा विषय 'आकाश'. मॅडमनी छान समजावलं, हिंदीतून, गुजरातीचे चार शब्दही घातले. तळमजल्यावरच्या एका बाईंना शंका आली की हा वर बघणारा कॅमेरा खाली कशावरून बघणार नाही. दुसऱ्या एकांना त्यात आपल्या रोज उशिरा घरी येणाऱ्या सुनेच्या हालचाली दिसतील का, हे जाणून घ्यायचं होतं. सेक्रेटरी शहाभाई मात्र गंभीरपणे ऐकत होते. त्यांच्या गाडीवर कोणीतरी रोज रात्री ओरखडा काढून जात होतं.

ते उठले आणि म्हणाले, परमिशन आहे, पण कॅमेऱ्याचं तोंड पार्किंगकडे हवं. मॅडम म्हणाल्या, शहाभाई, हा कॅमेरा नव्वद किलोमीटर लांबचं बघतो.

"मॅडम, फिर तो पार्किंग एकदम पास में है," शहाभाई म्हणाले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

आम्ही दुसरी गच्ची शोधायला लागलो.

*

जनामावशी सापडल्या त्या आमच्या कॉलेजच्या कँटीनमुळे. तिथे त्यांचे तांदळाचे पापड येतात. मोरव्यात त्यांचं घर, मागच्या बाजूला मिठागरं आणि तिवरं, म्हणजे अंधार पाहिजे तेवढा. मॅडम नुसत्या गच्चीवर उभ्या राहिल्या आणि हसायलाच लागल्या. मीरा-भाईंदरमध्ये इतकं आकाश असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मावशींनी अटी घातल्या. गच्ची त्यांची, वाळवण त्यांचं. पापड आणि बोंबील यांना पहिला मान, कॅमेऱ्याने कोपऱ्यात बसायचं. मॅडमनी सगळं कबूल केलं.

स्टँड मी हाटकेशला एका गाळ्यात करून घेतला. तो कारागीर किचनच्या ट्रॉल्या बनवतो. मी त्याला मापं दिली, चित्र काढून दिलं, तिपाई पाहिजे म्हणून तीनदा सांगितलं. चार दिवसांनी गेलो तर स्टँड उत्तम, मजबूत, चकचकीत, आणि बाजूला टॉवेल लावायचा रॉड. मी विचारलं, हे काय? तो दुखावल्यासारखा झाला. "साब, रॉड तो साथ में आता ही है."

मॅडमना दाखवायची मला लाज वाटत होती. पण हाच रॉड पुढे आमच्या वेधशाळेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग ठरला, कारण त्यावर पातेलं टांगायचं होतं.

*

आता पातेलं. अशा कॅमेऱ्याची गोल काच चोवीस तास उघडी ठेवून चालत नाही. दिवसा ऊन थेट आत गेलं तर आतला सेन्सर खलास. घाटावरच्या स्टेशनला त्यासाठी आपोआप उघडझाप करणारं शटर आहे, आम्हाला ते मिळालं नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही प्लास्टिकची बादली उपडी घातली. खाडीवरून वारा सुटला आणि बादली शेजारच्या अंगणात सापडली.

मावशींनी माळ्यावरून एक मोठं जर्मनचं पातेलं काढलं. कधीकाळी घरातल्या लग्नांचा भात त्यात शिजायचा. कॅमेऱ्यावर उपडं घातलं तर जणू मापाचंच. त्या तशाही पहाटे चारला उठतात. म्हणाल्या, संध्याकाळी दिवाबत्ती झाली की काढेन, पहाटे उजाडायच्या आधी घालेन, तुमी नका येऊ रोज. रात्रभर पातेलं टॉवेलच्या रॉडला टांगलेलं असायचं.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला. सरांनी सगळी चौकशी केली आणि शेवटी विचारलं, शटरची व्यवस्था काय केलीत, कुठल्या बनावटीचं आहे?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

"स्थानिक बनावटीचं आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "पण अजून एकदाही अडकलं नाही."

*

डिसेंबरात पहिल्या लाटा दिसल्या.

दक्षिणेकडे क्षितिजाला लागून एकसारखे, उभे, समांतर पट्टे. एक-दोन नाहीत, रांगच्या रांग. मॅडमनी अंतरं मोजली, सगळी सारखी. मला म्हणाल्या, सावंत, इतक्या देखण्या लाटा मी घाटावरच्या फोटोंतही पाहिल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले आणि फोटो सरांना पाठवून दिले.

दोन दिवसांनी सरांनी एका ओळीत विचारलं की लाट कुठून कुठे चालली आहे. मॅडमनी रात्रभराचे फोटो एकामागून एक पळवून बघितले. तारे सरकत होते, लाट जागची हलत नव्हती. लाट म्हटली की ती पुढे जायला पाहिजे, पण ही रात्रभर होती तिथेच होती. मॅडमनी तीन दिवस पुस्तकं काढली. हवेत अशी थबकलेली लाट असू शकते, डोंगरामागे सापडते, पण भाईंदरच्या दक्षिणेला तसला डोंगर आणायचा कुठून?

शेवटी आम्ही लॅपटॉप घेऊन मोरव्याला गेलो, तिथून काही दिसतंय का ते बघायला. मावशी पापड लाटत होत्या. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला, मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं, आणि पट्टे एकेक करून मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "दोन कमी हायती. मांजर आली व्हती वाटतं."

बोंबील! दोरीवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले, मागच्या उजेडावर काळे दिसणारे, ओळीने सारख्या अंतरावर. अंतर सारखं असणारच, मावशींचा हात बसलेला आहे.

मला हसू आवरेना. मॅडमना रडू येत होतं की हसू ते त्यांनाही कळत नव्हतं. पण बाई सरळ आहेत. तिथूनच त्यांनी सरांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं, सर, त्या लाटा नाहीत, ते बोंबील आहेत.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग सर म्हणाले, "रीतसर लेखी कळवा."

त्यामुळे आमच्या कॉलेजच्या जावक रजिस्टरमध्ये एक पत्र आहे. विषय: दक्षिण क्षितिजावरील बोंबील. ते मी स्वतः टाईप केलंय.

*

बोंबलांना उत्तरेकडच्या कठड्याखाली जागा मिळाली. मग पश्चिमेकडे एक डाग दिसायला लागला. मिठागराच्या रस्त्याला एक बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या फाटकावर जुना पिवळा दिवा शिल्लक होता. सगळा परिसर पांढरा झाला तरी हा एकटा पिवळा, आणि आमच्या एक चतुर्थांश आकाशाची वाट लावत होता.

मॅडम आणि मी गेलो. वॉचमनला मॅडमनी अर्धा तास समजावलं, लॅपटॉप उघडून डाग दाखवला, नवा एलईडी आम्हीच आणून लावतो म्हणाल्या. त्याने प्रत्येक वाक्याला "जी मॅडम" म्हटलं आणि शेवटी सांगितलं की दिवा बदलणार नाही. पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, पिवळ्यावर येत नाहीत, आणि रात्रभर किडे त्याच्या चहात पडतात, मॅडमच्या नाही. त्याचं बरोबर होतं, म्हणून मॅडमनी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या रात्रीच्या फोटोत डाग नाही! मॅडमना वाटलं दिवा उडाला असेल. मोरव्याला गेलो तर कळलं, मावशी जाऊन आल्या होत्या. त्यांनी कारखान्याच्या शेठनाही विचारलं नाही, वॉचमनलाच जाळीचं झाकण नेऊन दिलं, चहावर ठेवायला, आणि वर नवा दिवा लावून घेतला. मॅडमनी विचारलं, तुम्ही त्याला सांगितलंत तरी काय?

"काय सांगायचंय? आमच्या मॅडमला वरचा उजेड बगायचाय, तुझा न्हाय, म्हटलं."

*

एकदाच पातेलं जागेवर नव्हतं. त्याची गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगत नाही, पण इथे सांगतो.

जानेवारीत काशीगावला मावशींच्या सख्ख्या पुतणीची हळद होती. भात मोठा, पातेलं कमी पडलं, माणसं आदल्या रात्री येऊन मावशींचं पातेलं घेऊन गेली. आम्हाला काही ठाऊकच नाही. सकाळी साडेआठला मी सहज फोटो उतरवून घ्यायला मोरव्यात गेलो. घराला कुलूप नाही, घरात कोणी नाही. गच्चीवर गेलो तर मावशी नवं लुगडं नेसून, डोक्यात गजरा घालून, काळी छत्री कॅमेऱ्यावर धरून उभ्या. दर पाच मिनिटांनी ऊन सरकेल तशी छत्री सरकवत होत्या.

मी म्हटलं, मावशी, हळदीला नाही गेलात? फोन तरी करायचा, मी आलो असतो.

"तुझा लंबर माज्याजवळ कुठं हाय?" मावशी म्हणाल्या. "पातेलं लग्नाला गेलंय, मी हितं हाय."

पहाटे उजाडायच्या आधीपासून उभ्या होत्या. मी छत्री हातात घेतली, रिक्षा बोलावली आणि त्यांना काशीगावला पाठवलं. मग मी उभा राहिलो, पातेलं येईपर्यंत, साडेअकरा वाजेपर्यंत. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा कॅमेरा परत जाता कामा नये. तोवर मी नुसता ड्यूटी करत होतो. नंबर मात्र मी लगेच त्यांच्या दारामागे खडूने मोठा लिहून ठेवला.

*

मॅडमनी मावशींना एक रजिस्टर दिलं होतं. रोज संध्याकाळी आकाश बघून नोंद करायची. आकाशाचे आठ भाग कल्पायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. मावशींनी दोन दिवस तसं लिहिलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली पद्धत सुरू केली. एक तर 'बोंबील वाळतील', नाहीतर 'बोंबील वाळणार न्हाय'. तिसरा शेरा नाही.

मॅडमनी आधी कपाळाला हात लावला. मग एका रविवारी बसून त्यांनी मावशींचे शेरे, मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज आणि प्रत्यक्षातले फोटो असे तीन रकाने केले. मावशी जिथे वाळतील म्हणाल्या होत्या तिथे आकाश स्वच्छ. मोबाईल मात्र वाटेल तसा घसरला होता.

तेव्हापासून मी घरातून निघताना छत्री घ्यायची की नाही हे मोरव्याला फोन करून ठरवतो. मावशी विचारतात, "तू काय बोंबील हायस?" पण सांगतात.

*

आणि मार्च संपत आला.

लाटा अगदीच दिसल्या नव्हत्या असं नाही. चार-पाच रात्री पुसटसं काहीतरी होतं. पण प्रत्येकावर बोट ठेवता येत होतं. इथे ढग, तिथे धुरकं, तिसऱ्या वेळी शिमग्याच्या होळ्या. सरांनी दर वेळी लिहिलं, खात्री देता येत नाही. त्यांचं चुकत नव्हतं, हेच जास्त जिव्हारी लागत होतं. शेवटी त्यांचा मेल आला. शनिवारी सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येतो, खोका घेऊन येतो, कॅमेरा सोडवून ठेवावा.

शुक्रवारी अमावस्या. शेवटची रात्र, पण मोबाईलवर ढगच ढग. मॅडम दुपारीच खचल्या होत्या. लॅबमध्ये स्क्रू-ड्रायव्हर शोधत होत्या आणि तो समोरच पडला होता. संध्याकाळी त्यांनी मावशींना फोन केला, मी शेजारीच होतो. म्हणाल्या, मावशी, आज त्रास घेऊ नका, सगळीकडे ढग सांगितलेत, राहू द्या पातेलं.

मावशींनी एवढंच सांगितलं, "मी काढलंय. बोंबील वाळतील."

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघं मोरव्यात. मॅडम कॅमेरा सोडवायला आल्या होत्या. पातेलं जागेवर होतं. मी म्हटलं, फोटो तरी उतरवून घेऊ, नंतर सोडवू. लॅपटॉप जोडला, रात्रीचे फोटो पळवले.

मध्यरात्रीपर्यंत काही नाही. स्वच्छ आकाश, तारे, तो मंद उजेड. मग नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून एक सरळ, झगझगीत कड आत आली. आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ. आणि तिच्या मागून एक, दोन, तीन, चार, लाटांची रांग शिस्तीत चालत आली, डोक्यावरून गेली, ईशान्येला उतरली. दोन तास! मी फिजिक्स शिकलेला माणूस नाही, लॅबमधल्या तारा गुंडाळणारा माणूस आहे, पण माझ्या अंगावर काटा आला. मॅडम फोटो पुन्हा पहिल्यापासून लावायच्या आणि पुन्हा लावायच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भानच नव्हतं. मावशींनी चहा आणला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

दहाला सर आले. हातात तो खोका, फोमचा, कड्या असलेला. जिना चढून दमले होते. मॅडमनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

सरांनी एकदा बघितलं. चष्मा पुसला. दुसऱ्यांदा बघितलं. मग प्रश्न सुरू केले. चालते आहे का? चालते आहे, मॅडमनी वेग काढून ठेवला होता. ढग कशावरून नाही? लाटेतून तारे जसेच्या तसे दिसतात, ढगाने झाकले असते. बाहेरचा दिवा? पश्चिमेला आता पिवळा दिवा उरलेला नाही.

मग सरांनी गच्चीभर नजर फिरवली, ती उत्तरेच्या कठड्याखालच्या दोरीवर येऊन थांबली. त्यांनी विचारलं नाही, पण मावशींना कळलं.

"बोंबील काल रात्री घरात व्हते," मावशी म्हणाल्या. "सायेब येणार म्हणून गच्ची झाडली व्हती."

सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि घाटावरच्या स्टेशनला फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. काल किती फोटो घेतले? का नाही घेतले? अंदाज ढगाचा होता म्हणजे? शटर उघडलंच नाही? आणि तिथे ढग होते का प्रत्यक्षात? नव्हते?

फोन ठेवून ते पातेल्याकडे बघत राहिले. मग मॅडमकडे वळले. आवाज अगदी वेगळा होता, मी त्यांचा तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता. म्हणाले, कांबळे मॅडम, ही लाट दुसऱ्या कोणाकडेच नसणार. आमच्या अभ्यासासाठी हे फोटो आम्हाला मिळतील का?

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. पदर नीट केला.

"रीतसर अर्ज पाठवा, सर," त्या म्हणाल्या. "बघू."

मला वाटलं संपलं सगळं. पण सर हसले. खरंच हसले, दात दिसेपर्यंत. त्यांनी माझ्याकडे कागद मागितला, मी मावशींच्या रजिस्टरचं मागचं कोरं पान फाडून दिलं. लिहायला टेबल नव्हतं. सर गच्चीवर मांडी घालून बसले, रिकामा खोका समोर ओढला, त्यावर कागद ठेवला आणि 'प्रति, डॉ. कांबळे' इथून सुरुवात केली. पूर्ण अर्ज लिहिला, विषयासकट. खाली सही केली, तारीख घातली, दोन्ही हातांनी मॅडमना दिला.

मावशी इतका वेळ सुपात वाल निवडत बसल्या होत्या. सरांनी पेनाला टोपण लावलेलं त्यांनी बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"झालं लिवून?" त्या म्हणाल्या. "मंग खोका ठेवा हितंच. पापडाला बरा हाय."